घर दाखवायचा दिवस

आमचे लोहाऱ्याचे घरमालक चार वर्षं घर विकत होते. म्हणजे रोज नव्हे. महिन्या-दीड महिन्यातून एखादं गिऱ्हाईक यायचं, त्या दिवशी विकायचे. बाकीचे दिवस त्या दिवसाची तयारी करायचे. त्या घराच्या मधल्या दोन खोल्यांत आम्ही भाड्यानं राहत होतो, मी आणि आमचे हे. हे सरकारी शाळेत मास्तर होते. निजामाचं राज्य, शाळेत उर्दू चालायची, आणि ह्यांचं उर्दू असं काही होतं की मुलं घाबरायच्या ऐवजी पुन्हा म्हणून दाखवा म्हणायची. पण सांगायचं आहे ते मालकांबद्दल.

सगळा गाव त्यांना आप्पा म्हणायचा, म्हणून आम्हीही आप्पा म्हणायचो. तहसील कचेरीत ते अहलकार होते, म्हणजे कारकून. उभा जन्म कारकुनीत गेला, आणि कचेरी सुटली तरी कचेरीनं त्यांना सोडलं नव्हतं. अंगात काळी शेरवानी, खाली धोतर, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग. उन्हाळ्यात अंगणातल्या कडुलिंबाखाली बसले तरी शेरवानीची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. बोलणं घरगुती सुरू व्हायचं आणि मधेच कचेरीत शिरायचं. एकदा आडावर पाय घसरून पडले. मी धावत गेले, तर बसल्या जागेवरून मला म्हणाले, "मास्तरीणबाई, घाबरू नका. सदरहू पाय मुरगळलाय."

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक लेक गुलबर्ग्याला दिलेली. तिचं दर महिन्याला पत्र यायचं, मजकूर एकच: घर विका आणि इकडं या, एकटं राहू नका. आप्पांनी ते कबूल केलं होतं. गिऱ्हाईक मिळालं की निघालोच, असं ते तिला प्रत्येक वेळी लिहायचे.

घर विकलं गेलं की आम्हालाही निघावं लागणार, हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं. खोल्या देतानाच आप्पांनी बजावलं होतं, "गिऱ्हाईक आलं की खाली करावं लागंल. मागनं तोंड वाकडं करायचं न्हाय." आणि जायचं कुठं, हा मोठाच प्रश्न होता. लोहारा तेव्हा लहान गाव. लोक स्वतःपुरती घरं बांधायचे, भाड्यानं द्यायला म्हणून कुणी खोली बांधत नसे. आप्पांकडं येण्याआधी दोन महिने आम्ही शाळेच्या सामानाच्या खोलीत काढले होते. तिथं नकाशांच्या गुंडाळ्या होत्या, आणि प्रत्येक गुंडाळीत एकेक विंचू. ह्यांनी तेव्हाच सांगून टाकलं होतं, की पुन्हा ही वेळ आली तर मी एकटा इथं राहीन, तू बार्शीला आईकडं जा. आई म्हणजे ह्यांची. सासूबाईंबद्दल मला वाईट बोलायचं नाही, पण त्या आणि विंचू यांतलं एक निवडायला सांगितलं असतं तर मी थोडा विचार केला असता.

असं असून घर विकायच्या कामात आप्पांचा उजवा हात कोण, तर मी.

त्याचं काय झालं, आप्पांचं घर विकण्याबद्दल स्वतःचं असं एक शास्त्र होतं. ते म्हणायचे, "गिऱ्हाईक भिती घेत न्हाय. भिती त्येच्या घरी बी हायत. गिऱ्हाईक नांदणं घेतंय." आता आप्पांचं घर म्हणजे पुढं ढाळज, म्हणजे दाराजवळची बैठक, मग सोपा, मग आमच्या दोन खोल्या, मागं त्यांची एक खोली आणि रिकामा गोठा. वर मातीचं माळवद. त्यात एकट्या म्हाताऱ्याचं नांदणं ते कितीसं असणार. सकाळी स्वतःच्या हातानं एक जाड भाकरी थापायचे, ती अर्धी सकाळी अर्धी संध्याकाळी. म्हणून घर दाखवायच्या दिवशी ते नांदणं उसनं आणायचे.

उसनं म्हणजे अगदी उसनं. गोठा रिकामा दिसू नये म्हणून शेजारची म्हैस आणून बांधायची. कणगी रिकामी दिसू नये म्हणून तिच्यात गळ्यापर्यंत कडबा कोंबायचा आणि वर चार पायली ज्वारी पसरायची. माझी आणि शेजारणीची मिळून सगळी पितळी भांडी चिंचेनं घासून सोप्यात उतरंडीला लावायची. अंगणात सडा, सड्यावर रांगोळी. आणि गिऱ्हाईक सोप्यात टेकलं की आतून फोडणीचा वास आला पाहिजे. भाजी कसली, हे महत्त्वाचं नव्हतं. भाजी नसली तरी चालायची. नुसतं तेल, मोहरी, लसूण आणि लाल मिरच्या.

"आप्पा, नुसती फोडणी द्यायची? आत काहीच नाही टाकायचं?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"वास तर गिऱ्हाईकापर्यंत जातोय न्हवं? भाजी कुठं जातीय?"

ह्या सगळ्यावर कळस म्हणजे हसणं. आप्पांचं म्हणणं, ज्या घरात आतून हसण्याचा आवाज येतो ते घर निम्मं विकल्यासारखं आहे. म्हणून आम्ही नवराबायकोनं आतल्या खोलीत बसायचं, आणि आप्पांनी सोप्यातून तीन वेळा खाकरलं की मी फोडणी टाकायची आणि दोघांनी मिळून हसायचं. मला हसायला काही लागत नाही, ह्यांच्या तोंडाकडं पाहिलं की झालं. पण ह्यांचा स्वभाव गंभीर. हुकमावर हसायला गेले की उचकी लागल्यासारखा आवाज निघायचा. आप्पांनी त्यांची तालीम घेतली. संध्याकाळी शाळेतून आले की सोप्यात समोर उभं करायचे. "मास्तर, गळ्यातनं नगं. पोटातनं. तुमी हासायलाव का रडायलाव, ते माणसाला बाहीर कळाया पायजे." हे हात बांधून उभे राहायचे आणि हा हा करायचे. सबंध महिनाभर तालीम झाली. मी आडोशाला उभी राहून पोट धरून हसायची. आप्पा म्हणायचे, तसं, बाईवानी.

हे माझ्यावर चिडायचे. "तू आपल्याच हातानं आपल्याला बाहेर काढायला निघालीस," म्हणायचे. "रांगोळी कसली काढतेस? चांगला उकिरडा करून ठेव अंगणाचा."

"आणि आलेला माणूस नावं कुणाला ठेवील? आप्पांना नाही, मला ठेवील. घरात बाई आहे आणि अंगणाची ही दशा, म्हणेल."

खरंच सांगते, मला ते जमायचं नाही. आदल्या दिवसापर्यंत मी देवाला म्हणायची, हे गिऱ्हाईक नको रे. पण सकाळ झाली की हात आपोआप झाडूकडं जायचा. सडा घालताना वाटायचं, असा सडा घालते की लोहाऱ्यात कुणी पाहिला नसेल. मग गिऱ्हाईक फिरलं की मला आनंदही व्हायचा आणि रागही यायचा, की एवढं करून आवडलं कसं नाही.

घर न आवडायला कारणं पुष्कळ होती. शेजारची म्हैस हे एक. आप्पा गिऱ्हाईकाला गोठ्यापाशी घेऊन जायचे आणि म्हणायचे, "ही ह्याच गोठ्यात जलमली. हितनं हालत न्हाय." मुरूम गावच्या एका व्यापाऱ्याला ते असं सांगत होते आणि दिवस कलायला आला होता. म्हशीनं एक हिसडा दिला, खुंटी उपटली, आणि खुंटीसकट दोघांच्या मधून चालत अंगणातून बाहेर पडून शेजारच्या दारात जाऊन हंबरली. शेजारणीनं आतून ओरडून सांगितलं, "आली वं आप्पा म्हस, झालं का तुमचं?" व्यापाऱ्यानं आप्पांना नमस्कार केला आणि म्हशीच्या मागोमाग तोही गेला.

दुसरं म्हणजे देव. भिंतींना भेगा होत्या. आप्पांनी तुळजापूरच्या बाजारातून देवांच्या तसबिरी आणल्या आणि जिथं भेग तिथं देव टांगला. स्वतः लिंगायत, पण भेगांचं पाहून मिळेल तो देव घेतलेला. त्यामुळं आमचे देव भलत्याच ठिकाणी असायचे. दत्त गुडघ्याच्या उंचीवर, मारुती कोपऱ्यात तिरका, लक्ष्मी पार छताला. आणि सोप्यातल्या भिंतीला एवढं मोठं भगदाड होतं की त्याला देव पुरेना. त्यावर आप्पांनी खुद्द सरकारांची, म्हणजे निजामांची, भली मोठी चौकटीतली तसबीर लावली होती. ती युक्ती मात्र पक्की होती. देवाची तसबीर एखादा उचलून मागं पाहील, सरकारांची उचलायची कुणाची छाती.

एकदा घर पाहायला एक गवंडी आला. मोठा भाविक माणूस असावा असं आम्हाला वाटलं, कारण तो प्रत्येक तसबिरीपुढं थांबून हात जोडत होता. दत्तापुढं तर खाली बसला. सगळं घर फिरून झाल्यावर आप्पांना म्हणाला, "आप्पा, तुमच्या घरात अकरा देव हायत."

"व्हय, देवाची किरपा हाय."

"म्हंजे अकरा भेगा. आन् बारावी सरकारांच्या मागं हाय. ती केवढी हाय ते म्या इचारीत न्हाय, तुमी सांगू नगा." आणि पायताण घालून गेला. आप्पा नंतर दोन दिवस म्हणत होते, कारागीर माणसाला घर दाखवूच नये, त्याला श्रद्धा नसते.

पण सगळ्यांत कडी झाली ती पाटलांच्या वेळी. तुळजापूरकडचे एक पाटील घर पाहायला आले. मोठे रुबाबदार, मिशा पिळलेल्या, घोड्यावरून आलेले. आप्पांनी ढाळजेत उभं राहून, "तशरीफ आणावी," म्हणून त्यांना सोप्यात नेलं. आम्ही आत तयार होतो. चुलीवर तेल तापलेलं, मिरच्या हातात. हे माझ्या शेजारी पाटावर, पोटातून हसायच्या तयारीनं श्वास भरून बसलेले.

सोप्यातून तीन वेळा खाकरल्याचा आवाज आला. मी फोडणी टाकली. आम्ही हसलो.

आम्हाला काय माहीत, की खाकरले ते आप्पा नव्हते. पाटलांना दमा होता. घोड्यावरून आल्यानं त्यांना ढास लागली होती. फोडणीचा खाट सोप्यात गेला, तशी त्यांना आणखी जोरात ढास लागली. पुन्हा तीनदा खोकला. आम्हाला वाटलं, आप्पांना आणखी पाहिजे. मी मूठभर मिरच्या आणखी टाकल्या आणि आम्ही आधीपेक्षा जोरात हसलो. तिकडं पाटील आणखी खोकले. आम्ही आणखी हसलो. हे तर त्या दिवशी असे रंगात आले होते, की तालमीतलं सगळं एकदम बाहेर पडलं. बाहेर माणूस खोकून खोकून लाल होतोय आणि तो खोकला की आतून कुणी बाई आणि बुवा खदाखदा हसतायत.

शेवटी आप्पा धावत आत आले. त्यांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "बस करा," म्हणाले. "तो मराया लागलाय." आणि मिरचीच्या खाटानं ते स्वतःच तीन वेळा खोकले. आम्ही सवयीनं हसलो.

पाटील घोड्यावर बसताना एवढंच म्हणाले, की मी पुष्कळ घरं पाहिली, पण पाहुण्याच्या दुखण्यावर हसणारं घर पाहिलं नव्हतं. त्यानंतर खाकरणं बंद झालं. आप्पांनी नवी खूण ठरवली. "आडाचं पाणी लई गोड हाय," असं ते मोठ्यानं म्हणणार आणि मग आम्ही हसणार.

पण सगळी गिऱ्हाइकं काही अशीच गेली नाहीत. दोघांनी चक्क होकार दिला होता. एक धाराशिवचा वकील होता. त्याला सगळं पसंत पडलं. जाता जाता तो अंगणातल्या लिंबाकडं पाहून म्हणाला, ह्याचं लाकूड चांगलं निघेल. आप्पांनी त्याला तिथंच नमस्कार केला आणि आत निघून आले. दुसरा उंबऱ्यावर बसला म्हणून नाकारला. हे मला म्हणाले, "हे गृहस्थ घर विकत नाहीत, दाखवतात." मी म्हणाले, काहीतरीच तुमचं. पण मग लक्ष ठेवलं. घर दाखवायच्या दिवशी आप्पा पहाटे उठून बसलेले असायचे. सड्याचा वास आला की अंगणात यायचे आणि उगीच उभे राहायचे. म्हैस आली की तिच्या पाठीवर हात फिरवायचे. फोडणीचा वास सुटला की डोळे मिटायचे. गिऱ्हाईक येऊन निघून जायचं, आणि आप्पा संध्याकाळपर्यंत सोप्यात पितळी भांड्यांपुढं बसून राहायचे, ती परत द्यायला निघायचे नाहीत. मला तेव्हा फार वाईट वाटलं. हा माणूस घर दाखवतो ते स्वतःला, हे मला असं कळलं. ह्यांना मी ते सांगितलं नाही, नाहीतर मीच तसं म्हणालो होतो असं ते चार वेळा म्हणाले असते.

मग गुलबर्ग्याहून पत्र आलं. ह्या वेळी लेकीचं नव्हे, जावयाचं. पाडव्यापर्यंत घर विकलं नाही तर मी स्वतः येतो, मिळेल त्या गिऱ्हाइकाला देतो आणि तुम्हाला घेऊन जातो. आप्पांनी ते पत्र सोप्यात उभं राहून वाचलं. नंतर मला म्हणाले, "जावयबापू तडफदार हाय." त्या दिवशी त्यांनी भाकरी केली नाही. मी विचारलं तर म्हणाले, भूक न्हाय. आमचीही तीच गत झाली. जावयानं विकलं तर आम्हाला आठ दिवसांचीही मुदत मिळणार नव्हती. हे शाळेच्या सामानाच्या खोलीत डोकावून आले. विंचू आहेत, म्हणाले.

पाडव्याला पंधरा दिवस असताना उमरग्याहून निरोप आला, की एक गिऱ्हाईक घर पाहायला येतंय. आप्पांनी पुन्हा सगळं मांडलं, पण त्यांचा जीव त्यात नव्हता. मीच त्यांना म्हणाले, "आप्पा, म्हैस आणायची राहिली." तेव्हा कुठं गेले.

दारात धमणी, म्हणजे पडद्याची बैलगाडी, थांबली आणि पडदा सारून एक बाई खाली उतरल्या. साठीच्या, थोराड, अंगावर इरकली लुगडं, कपाळावर भस्म. बरोबर गाडीवाल्याशिवाय कुणी नाही. आप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. आजवर आलेली सगळी गिऱ्हाइकं पुरुष होती. सोप्यात बसायची, गूळपाणी घ्यायची, गोठा नि आड पाहायची आणि जायची. परक्या घरच्या चुलीपर्यंत पुरुष माणूस जात नाही. आप्पांची सगळी मांडामांड ह्या एका रिवाजावर उभी होती.

"मुलाहिजा फरमावा," आप्पा म्हणाले. "हा सोपा. ह्ये सरकार. ह्ये दत्त..."

बाई त्यांच्यासमोरून तशाच पुढं आल्या, सोपा ओलांडला, आणि थेट माझ्या चुलीपाशी येऊन उभ्या राहिल्या. मी झटकन कढईवर झाकण ठेवलं.

"वास झ्याक सुटलाय. कशाला फोडणी दिलीस ग लेकी?"

"वांग्याला," मी म्हणाले.

त्यांनी वाकून झाकण उचललं. कढईत काळी झालेली मोहरी आणि दोन मिरच्या होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "आन् वांगं?"

त्याच वेळी सोप्यात आप्पांचा धीर सुटला असावा, कारण ते एकदम ओरडले, "आडाचं पाणी लई गोड हाय." आणि पलीकडच्या खोलीतून आमचे हे एकटेच, पोटातून, हा हा हा करून हसले.

"ह्ये कोण हासायलंय?"

"आमचे हे."

"कशापायी?"

"आप्पांनी सांगितलंय म्हणून."

आणि मग माझ्याच्यानं राहवेना. मी त्यांना सगळं सांगितलं. भाजी नाही, म्हैस शेजारची आहे, कणगीत कडबा आहे, देवांच्या मागं भेगा आहेत, आम्ही आप्पांची कुणी नव्हे, भाडेकरू आहोत, तुम्ही घर घेतलंत की मला बार्शीला सासूबाईंकडं जावं लागणार आहे. सांगता सांगता मी रडत होते आणि मधेच ह्यांचं हसणं ऐकू आलं की हसत होते. ह्यांना थांबायला कुणी सांगितलं नव्हतं.

बाई आधी नुसत्या ऐकत होत्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. त्या माझ्या पाटावर बसल्या, पदर तोंडाला लावला आणि इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की मला त्यांना पाणी द्यावं लागलं. पाणी प्यायल्या. डोळे पुसले. आणि मग पुन्हा पुसले. मी घाबरले.

"अव्वा, राग आला का तुम्हाला?"

"राग कसला ग. उमरग्यात माझं चौसोपी घर हाय. मालक गेले, पोरबाळ न्हाय. रांजण भरलेला हाय, कणग्या खऱ्या भरल्यात्या. पर सकाळधरनं सांजपातूर आवाज म्हून न्हाय. मला फशिवायला बी घरात कुणी न्हाय."

मी त्यांच्याजवळ बसले. त्यांचा हात धरला. दारात आप्पा येऊन उभे होते. शेरवानीची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, मान खाली. साहेबापुढं उभे राहत असतील तसे उभे होते.

"गुन्हा कबूल हाय," ते म्हणाले.

"ती मागची गोष्ट," अव्वा म्हणाल्या. "थोरलं घर म्या पुतण्यास्नी देऊन टाकायलेय. मला हिथं चुलतबहिणीजवळ लहान घर पायजे. ह्ये घेते म्या. पर जसं हाय तसंच पायजे. ही लेक ऱ्हाईल?"

"राहीन," मी म्हणाले. ह्यांना विचारायचंही मला सुचलं नाही.

"तो हासणारा?"

"तोही राहील."

"म्हस?"

"ती शेजारची हाय," आप्पा म्हणाले.

"यिऊ द्या मग अधनंमधनं. आन् तुमी?"

"मी लेकीकडं जाणार. गुलबर्ग्याला."

"मग न्हाय घेत."

आप्पांनी मान वर केली. कचेरीत त्यांनी आयुष्यभर खरेदीखतं लिहिली होती, पण असं कलम त्यांना कधी भेटलं नव्हतं. "विकणारानं घर सोडायचं असतंय, अव्वा. कायदाच हाय तसा. मी ऱ्हायलो तर कोण म्हून ऱ्हायचं? मालक न्हाय, भाडेकरू न्हाय."

"कुठं कुठं गळतंय ते तुमास्नी म्हाईत हाय का न्हाय?"

"हाय. सगळं."

"मला न्हाय. पावसात भांडं कुठं ठिवायचं ते म्या कुणाला इचारू? तुमी गेल्यावर ह्या घराला इचारू व्हय?" अव्वा उठल्या आणि पदर खोचला. "कोण म्हून ते तुमी ठरवा. जशे ऱ्हातावं तशे ऱ्हावा. ऱ्हाणार असलाव तर घेते, न्हायतर माझी धमणी उभी हाय."

आप्पांनी शेरवानीचं गळ्याजवळचं बटण काढलं. चार वर्षांत मी ते उघडं पाहिलं नव्हतं. "वांगी आणाया पायजेत," म्हणाले, आणि बाजारात गेले.

खरेदीखत आप्पांनीच लिहिलं. विकणार म्हणून सही त्यांची, आणि अक्षर इतकं सुंदर, की अव्वांनी त्यावर हात फिरवला. गावात चार दिवस कुजबूज झाली. मग अव्वांनी मागच्या दोन घरच्या बायांना बोलावून हुग्गीचं, म्हणजे गव्हाच्या खिरीचं, जेवण घातलं आणि कुजबूज थांबली. अव्वा मागच्या खोलीत राहायला आल्या, आप्पा ढाळजेत आले, आणि आमच्या दोन खोल्या मधोमध राहिल्या.

दुसऱ्याच दिवशी आप्पा सोप्यात गुलबर्ग्याला पत्र लिहायला बसले. लिहून झाल्यावर मला हाक मारली आणि वाचून दाखवलं. मजकूर असा होता:

"चिरंजीव सौभाग्यवती बाईस अनेक आशीर्वाद. तू लिहिल्याप्रमाणे घर विकले. खरेदीदार बाई भल्या आहेत. परंतु घरासोबत मीही विकला गेलो आहे, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि कागदावर माझी सही आहे. सबब मला येता येत नाही. जावयबापूंस सांगणे, की मी नाखूश नाही."

वाचून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "कलम बराबर बसलंय न्हवं, मास्तरीणबाई?"

"बसलंय, आप्पा," मी म्हणाले.

त्यांनी पत्राची घडी केली. एरवी लेकीला लिहिलेलं पत्र ते आठ आठ दिवस कोनाड्यात ठेवायचे. ते पत्र टाकायला मात्र ते तसेच, पायताण घालायचंही विसरून, उन्हात निघून गेले.